जवळच्या खांबाची खूण

२४ जुलै, सोमवार

फिजिओबाईंनी तिशी ओलांडलेल्या आम्हा तिघींना एकेक तक्ता दिला आहे. रोज गुडघा किती दुखला त्याचा आकडा लिहायचा, शून्य ते दहा. शून्य म्हणजे आपल्याला गुडघा आहे हे आठवतही नाही, दहा म्हणजे आरडाओरड्याने गल्ली गोळा होते. मी तक्त्यात दोन लिहिलं. खरा आकडा चार. एकीकडे खोटं लिहायचं तर दुसरीकडे खरं लिहून ठेवावं, नाहीतर कधीतरी माझं मलाच कळायचं नाही. म्हणून ही वही.

वहीला माझी ओळख कशाला हवी, पण पहिलं पान फार कोरं दिसतंय. मी अल्दियाना. वय बत्तीस. झेनित्साच्या फुटबॉल क्लबात अकरा वर्षं नऊ नंबर घालते, फॉरवर्ड. काम एकच, गोल करणं. पोलादाच्या कारखान्याच्या धुरानंतर या गावात माझंच नाव निघतं असं झुमरा म्हणते. झुमरा आमची गोलकीपर, तिच्या जिभेला हाड नाही.

आज मिर्नाला जाऊन वर्ष झालं. तारीख मुद्दाम लक्षात ठेवली नव्हती, तक्त्यावर छापलेली दिसली. मिर्ना तिसऱ्या मजल्यावर राहायची, आम्ही दुसऱ्या. नऊ वर्षं ती आमच्या संघात उजव्या बाजूने खेळली आणि गेल्या वर्षी स्लोव्हेनियातल्या क्लबात गेली. माझ्या एकशे बत्तीस गोलांपैकी एक्याण्णव तिच्या पासवर आहेत. मला आठवण येते ती तिच्या पासची. बाकी कसली नाही.

२८ जुलै, शुक्रवार

गुडघा चार.

युरोपच्या पात्रता फेरीचा ड्रॉ निघाला. चार देशांचे चार संघ, एकच मैदान. बुधवारी दोन सामने, त्यात जिंकणारे दोघं शनिवारी भिडणार, आणि त्यातला एकच पुढे जाणार. यंदा यजमान आम्ही. चौथं नाव वाचलं तेव्हा खोलीतल्या सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मिर्नाचा क्लब. पहिली गाठ त्यांच्याशी नाही. दोघांनी बुधवारी जिंकलं तर शनिवारी.

"बघताय काय?" मी म्हटलं. "माझ्या तोंडावर स्कोअर लिहिलाय का?"

"तोंडावर बरंच काही लिहिलंय," झुमरा म्हणाली, "पण आम्ही अडाणी."

नंतर कोच रेफिकनी बाजूला बोलावलं. ते स्वतः जुने गोलकीपर, दोन्ही हातांची बोटं वाकडी. त्या बोटांनी टोपी फिरवायला लागले की समजावं, बातमी वाईट आहे.

"अल्दा, मी तुला खोटं सांगणार नाही."

"आजवर कधी सांगितलंत?"

"पुढच्या फेरीत गेलो तर अध्यक्ष तुला आणखी एक हंगाम देतील. नाही गेलो तर तुझ्यासाठी शिट्टी आहे. बारा वर्षांखालच्या मुली. गोड आहेत गं पोरी."

"गोड असतील. पण मला गोल करायचेत, करवून घ्यायचे नाहीत."

त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. म्हणजे बोलणं संपलं.

३० जुलै, रविवार

रविवारी आई जेझवाभर, म्हणजे लांब दांड्याचं भांडं भरून, कॉफी करते आणि ट्रेमध्ये एक कप जास्त ठेवते. कुणी येईल म्हणून. लहानपणापासून बघतेय, त्या कपाला कुणी विचारलेलं नाही. पण गेलं वर्षभर ती तो धुऊन पुसून ठेवते, जसं कुणी दारातच उभं आहे.

"गुडघा किती आज?" तिने विचारलं.

आईशी आकड्यात खोटं बोलता येत नाही, ती जिना चढताना माझी पावलं ऐकते. चार म्हटलं. तिने मान हलवली आणि फोन घेऊन बाल्कनीत गेली. दर रविवारी याच वेळेला गोथेनबर्गच्या मावशीचा फोन असतो. इतक्या वर्षांत जेवढं बोलल्या नसतील तेवढं या वर्षात बोलतायत. म्हातारपणी बहिणींना एकमेकींची किंमत कळते म्हणायची.

आत आली ती म्हणाली, "तिकडे आठवडाभर पाऊस. मैदानात चिखल झालाय."

मावशीला मैदानाचं काय करायचंय, हे विचारायचं राहून गेलं.

९ ऑगस्ट, बुधवार

गुडघा पाच. तक्त्यात दोन.

दिवसभर कॉर्नरचा सराव. आता कॉर्नर जेनिता घेते. वय एकोणीस, पाय चांगला, कष्टाळू. दोन्ही हात वर केले की बॉल गोलच्या जवळच्या खांबाला, एक हात वर केला की लांबच्या. पोरीची काही चूक नाही. पण तिचा बॉल मी जिथे उभी असते तिथे येतो. मिर्नाचा बॉल मी जिथे असणार असायचे तिथे यायचा.

आमची खूण हात वर करायची नव्हती. मिर्नाची डावी पोटरी काडीसारखी, मोजा सदा घसरलेला. कॉर्नर मारण्याआधी ती वाकून तो मोजा ओढायची. ओढला की बॉल जवळच्या खांबाला, जोरात, माझ्या कपाळाच्या उंचीवर. नाही ओढला की लांबच्या. समोरच्यांना वाटायचं, बिचारीचे मोजे सैल आहेत. मोजा ओढलेला दिसला की मी सगळ्यांच्या पुढे दोन पावलं घुसायचे आणि बॉलला डोक्याने नुसती टिचकी मारायचे. तो मागे जाळ्यात जायचा. वळून बघायचीही गरज नसायची. मी बॉलकडे जायचे नाही, मिर्नाकडे बघत पळायचे.

आज कोचनी माझं दुसरं कामही बजावलं. आपल्यावर कॉर्नर असेल तेव्हा मी मागे यायचं आणि आपल्याच जवळच्या खांबापाशी उभं राहायचं. उंच फॉरवर्डला हे काम सगळीकडे असतं. तिथे आलेला बॉल कपाळाने बाहेर हाकलायचा. विचार करायचा नाही.

"ते जमेल तुला," झुमरा म्हणाली. "विचार न करणं."

१५ ऑगस्ट, मंगळवार

गुडघा पाच. डोकं त्याहून जास्त.

वरच्या नाफियाकाकू कॉफीला आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "हास्निया, मुलगी असावी तर अशी. आईच्या कमरेसाठी परदेशावर पाणी सोडलं."

आई कप खाली ठेवून म्हणाली, "माझ्या कमरेनं कुणाला अडवलं नाही. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांत मी बाजारात होते."

काकूंनी साखरेचा खडा तोंडात टाकला आणि भाव किती वाढलेत त्यावर बोलायला लागल्या. त्या गेल्यावर मी आईला म्हटलं, "चारचौघांत मला तोंडावर पाडायची काय गरज होती?"

"चारचौघं कुठे? नाफिया एकटीच होती."

"नाफियाकाकू म्हणजे चार जिने आणि चाळीस दारं, माहीत आहे तुला."

"मग दारोदार खरं पोचू दे. जायचं नव्हतं तर नव्हतं. माझी कंबर मध्ये घालू नकोस."

मी दार आपटून मैदानावर गेले. बत्तीस वर्षांची घोडी आणि दार आपटते.

आता खरं लिहायला हवं. वही त्यासाठीच आहे. स्लोव्हेनियावाल्यांना जोडी हवी होती. टेबलावर दोन करार होते. मिर्नाने सही केली आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. पेन हातात धरून मी म्हटलं, "आईचं ऑपरेशन आहे." मिर्ना म्हणाली, "मग ऑपरेशननंतर ये." मी म्हटलं, "बघू." आणि बघितलं नाही.

मी घाबरले होते. इथे मिर्ना माझी आहे का हे कुणाला विचारावं लागत नव्हतं. सकाळी खालून हाक मारली की ती केस बांधत बांधत जिना उतरायची, एवढं पुरायचं. तिकडे अनोळखी गाव, एक खोली, दोन खाटा, आणि संध्याकाळी दुसरं कुणी नाही. एखाद्या दिवशी तिने विचारलं असतं, "अल्दा, तुला नक्की काय हवंय?" तर मी काय सांगणार होते?

ती निघाली त्या सकाळी मी मैदानावर होते. निघणाऱ्याच्या मागे पाणी ओतायचं, म्हणजे वाट पाण्यासारखी मोकळी होते, हे इथे शेंबड्या पोराला माहीत आहे. ते पाणी ओतायचं काम माझं होतं. मी रिकाम्या मैदानात कॉर्नरच्या झेंड्यावर बॉल मारत बसले. आईने जेझव्यातलं पाणी ओतलं. मिर्नाच्या भावाची गाडी इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं थांबली होती, असं आईने मला नंतर सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

पहिल्या महिन्यात तिचे फोन आले. मी उचलले नाहीत. मग बंद झाले. विसरली म्हणायची. नवी माणसं मिळाली की जुनी अडगळीत जातात, जगाची रीत आहे.

२३ ऑगस्ट, बुधवार

सहा. इंजेक्शन घेतलं. तक्त्यात तीन.

२७ ऑगस्ट, रविवार

आईने आकडा विचारला. सहा म्हटलं. ती बाल्कनीत गेली ती अर्धा तास आली नाही. आत आल्यावर म्हणाली, "सूज असेल तर बर्फ वीस मिनिटंच लावायचा, जास्त नाही. आणि बसताना पाय वर."

"मावशी डॉक्टर कधी झाली?"

"अनुभवाचं बोलणं आहे ते," आई म्हणाली आणि भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती.

५ सप्टेंबर, मंगळवार

सगळे संघ आले. मिर्नाचा संघ सकाळी आमच्या मैदानावर सराव करणार होता. मला तिकडे काही काम नव्हतं. बूट विसरले होते म्हणून गेले. बूट पिशवीतच निघाले.

कुंपणाच्या मागे उभी राहून बघितलं. तिने केस कापलेत. मान दिसते. त्या मानेवर तीळ आहे हे मला माहीत होतं, पण तो असा गावभर दिसावा हे काही मला पटलं नाही. ती पळताना अजून डावा खांदा पुढे टाकते. हसली, शेजारच्या मुलीच्या पाठीवर थाप मारली. मी कुंपणाची तार इतकी घट्ट धरली होती की बोटांवर तिच्या खुणा उमटल्या.

संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघरात पाकातली सफरचंदं, आत अक्रोड भरलेली. ही आई सणासुदीशिवाय करत नाही. मिर्ना एका बैठकीत तीन खायची.

"आज काय विशेष?"

"सफरचंदं खराब होत होती."

ओट्यावर तीन कप पालथे घातले होते. नाफियाकाकू आल्या असतील म्हटलं. पण काकूंच्या बरोबर तिसरं कोण, ते आईने सांगितलं नाही. थाळीत सहाच सफरचंदं उरली होती, आई नेहमी नऊ करते.

६ सप्टेंबर, बुधवार

जिंकलो, दोन-शून्य. दुसरा गोल माझा, गुडघ्यानेच, दुखऱ्या. एकशे तेहतीस. तेही जिंकले. म्हणजे शनिवारी.

त्यांचा सामना आमच्यानंतर होता. सगळ्या बघायला थांबल्या, मी थांबले नाही.

८ सप्टेंबर, शुक्रवार

आईने आज शुक्रवार असूनही आकडा विचारला. सात, मी म्हटलं. "उद्या खेळू नकोस," ती म्हणाली. मी म्हटलं, उद्या मला खुर्चीवर बसवून नेलं तरी मी खेळणार आहे.

तक्त्यात तीन लिहिलं. कोचनी तक्ता बघितला, माझ्याकडे बघितलं, टोपी फिरवली.

जिंकले तर एक हंगाम मिळेल. मला तो हवा आहे. पण दुपारी खाटेवर पाय वर करून पडले होते तेव्हा दुसरंच काही डोक्यात होतं. उद्या नव्वद मिनिटं ती माझ्यापासून शंभर पावलांच्या आत असेल. वर्षभरात एवढी जवळ कधी नव्हती. हंगाम, करार, युरोप, हे सगळं मला एका बाजूला ठेवता येतं. हे ठेवता येत नाही. मी वर्षभर सगळ्यांना, आणि आता वहीलाही, सांगत आलेय की मला तिचे पास आठवतात. पास जेनिताही देते. मला ती हवी आहे.

लिहिलं. कुणी मेलं नाही.

९ सप्टेंबर, शनिवार

हरलो. दोन-एक. दोन्हीकडचे गोल मी केले म्हणायला हरकत नाही. एक आमच्यासाठी, एक त्यांच्यासाठी.

नीट लिहिते. पाच वाजता सुरुवात. अख्खं गाव आलं होतं, कारखान्याच्या पाळीवरून थेट आलेली माणसं हातात डबे घेऊन. राष्ट्रगीतं नव्हती, नुसतं हस्तांदोलन. दोन रांगा एकमेकींसमोरून जातात. मिर्नाचा हात माझ्या हातात आला आणि गेला. दोघींनी एकमेकींच्या खांद्याकडे बघितलं.

विसाव्या मिनिटाला जेनिताने बॉल टाकला आणि पहिल्यांदाच तो मी जिथे असणार होते तिथे आला. एक-शून्य. साठाव्याला त्यांनी बरोबरी केली. मग पुढचा अर्धा तास पाच मिनिटांत संपल्यासारखा झाला आणि सत्याऐंशीव्या मिनिटाला त्यांना कॉर्नर मिळाला.

मी मागे आले, माझ्या जागी, आमच्याच जवळच्या खांबापाशी. मागे झुमरा ओरडत होती, "अल्दा, बाहेर हाकल! आला की बाहेर!"

कॉर्नर घ्यायला मिर्ना आली. तिने बॉल ठेवला, फिरवून शिलाई वर केली, तीन पावलं मागे गेली. माझ्याकडे बघितलं. वाकली आणि डावा मोजा ओढला.

पुढचं मी केलं नाही, माझ्या पायांनी केलं. सगळ्यांच्या पुढे दोन पावलं. बॉल जोरात, कपाळाच्या उंचीवर, जिथे मी असणार होते तिथेच. मी डोक्याने टिचकी मारली आणि वळून बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. इतका स्वच्छ गोल मी वर्षभरात केला नव्हता. एक क्षण, फार तर एकच, मी दोन्ही हात वर केले आणि तिच्याकडे धावायला निघाले.

मग मैदान किती शांत आहे ते कळलं.

त्यांच्या मुली मिर्नाच्या अंगावर पडत होत्या. ती हात खाली सोडून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. झुमरा जाळ्यातून बॉल काढत होती. माझ्याजवळून जाताना म्हणाली, "लोक स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात. तू डोक्यानं घेतलास." पण तिने माझ्या मानेवर हात ठेवला होता आणि तो शिट्टी होईपर्यंत अधूनमधून येऊन ठेवत राहिली.

कपडे बदलायच्या खोलीत जेनिता रडत होती, माझ्यामुळे. मी तिला म्हटलं, "तुझा पास उत्तम होता." कोच म्हणाले, "सोमवारी बोलू."

बाहेर आले तर त्यांची बस उभी होती. मिर्ना बसच्या दाराशी, ओले केस, हातात बूट. बाकीच्या आत चढत होत्या. मी सरळ जाऊन उभी राहिले. वर्षाने पहिलं वाक्य बोलायचं तर काहीतरी बरं बोलावं. मी म्हटलं, "तुमच्याकडे जवळच्या खांबाची खूण काय आहे?"

"दोन्ही हात वर."

"मग मोजा कशाला ओढलास?"

ती बुटांकडे बघत राहिली. "आमच्या कोचनी लांबच्या खांबाला मारायला सांगितलं होतं."

"मग?"

"मग काय. तू तिथे उभी होतीस."

आतून कुणीतरी तिला हाक मारली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. ती पायरीवर चढली आणि वळून, अगदी नेहमीचं बोलावं तशी रागावून म्हणाली, "आणि काल सात होता ना? सात असताना नव्वद मिनिटं खेळतात का?"

"तुला कुणी सांगितलं सात?"

दार बंद झालं. माझ्या हातात पाण्याची बाटली होती, पिऊन अर्धी झालेली. बस फाटकातून वळली तेव्हा मी तिच्यामागे पळाले, सात असलेल्या गुडघ्याने, आणि ती बाटली रस्त्यावर ओतली. सगळी. शेवटचा थेंब पडेपर्यंत हलवली. फाटकावरचे दोघं म्हातारे बघत होते. एक दुसऱ्याला म्हणाला, "आपल्याला हरवलं आणि वर पाणीही ओततेय."

"उशीर झालाय," मी म्हटलं. "वर्षाचा."

१० सप्टेंबर, रविवार

दिवसभर खाटेवर. पेपरात माझा फोटो आला आहे, हात वर केलेला. खाली लिहिलंय, 'दोन्ही संघांसाठी धावून आली'. झुमरा बुरेक घेऊन आली, बसली, खाल्लं आणि पेपर स्वतःच घडी करून घेऊन गेली.

कॉफीच्या वेळेला आईने आकडा विचारला. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, बोलले नाही. ती बाल्कनीत गेली. दार नीट लागलं नव्हतं.

"नाही गं, आज सांगतच नाहीये," आई म्हणत होती. "जेवली थोडं. हो, बर्फ लावला, वीसच मिनिटं. तू रडू नकोस बघू. सफरचंदं पोचेपर्यंत टिकली का?"

गोथेनबर्गची मावशी सफरचंदाला हात लावत नाही. तिला त्याने खाज सुटते.

मी पडल्या पडल्या हिशेब लावायला गेले आणि सगळे रविवार एकदम समोर उभे राहिले. पाऊस, चिखल, बर्फ, पालथा तिसरा कप. वर्षभर या दोघी माझ्या गुडघ्यावर बोलत होत्या आणि मी आपली जगाची रीत लिहीत बसले होते. आधी राग आला. मग उशी तोंडावर घेतली, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

११ सप्टेंबर, सोमवार

कोचनी टोपी फिरवली. करार नाही. शिट्टी त्यांनी टेबलावर ठेवली, दोरी नवी होती. मी म्हटलं, विचार करते. ते म्हणाले, "तक्त्यातलं खोटं मी पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं, अल्दा. पण तुला बाहेर बसवायची माझी हिंमत झाली नाही. चूक तुझी एकटीची नाही."

मग दाराशी आल्यावर म्हणाले, "आणि गोल सुंदर होता."

१७ सप्टेंबर, रविवार

शिट्टी घेतली. मंगळवारपासून मुली. गुडघ्याची शस्त्रक्रिया ऑक्टोबरात.

मावशीबद्दल आठवडाभर मी आईला काही बोलले नाही, तिनेही नाही. आज तिने कॉफी केली, ट्रेमध्ये तीन कप ठेवले, आणि आकडा विचारलाच नाही. वाजायची वेळ झाली तसा फोन वाजला. ती ओट्याशी उभी होती.

"घे तो," ती म्हणाली. "माझे हात पिठाचे आहेत."

तिचे हात कोरडे होते. पिठाचा डबा फळीवर होता, झाकण लावलेला.

मी फोन घेऊन बाल्कनीत गेले आणि कानाला लावला. मिर्नाने हॅलो म्हटलं नाही, काकू म्हटलं नाही. रोजचं असल्यासारखं तिने विचारलं, "किती?"

"नऊ," मी म्हटलं.

ती घाबरली. माझा आवाज ओळखल्यामुळे की आकड्यामुळे, सांगता येत नाही. "नऊ? अगं मग घरात काय करतेयस? काकूंना म्हणावं आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे—"

"गुडघ्याचा तीन आहे," मी म्हटलं.

तिकडे पाऊस पडत होता, ऐकू येत होता. मी फोन ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही.